हिरवा तक्ता आणि चार होकार

सहाव्या आठवड्याच्या बैठकीत समन्वयकाने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. आराखड्यातल्या १६ कामांपैकी ११ हिरवी झाली होती. सभागृह ठरलं होतं, वक्त्यांचा होकार आला होता, पत्रकं छापून झाली होती, सूत्रसंचालन कोण करणार तेही पक्कं होतं. ‘आपण वेळेच्या पुढे आहोत,’ तो म्हणाला. कोपऱ्यात बसलेल्या मुलीने वही उघडली आणि हळूच विचारलं, ‘पण येणार कोण?’ तोपर्यंत मेळाव्याला येते असं सांगणाऱ्यांची संख्या ४ होती. ठरवलेला आकडा ३०.

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रकल्प व्यवस्थापन शिकवताना चर्चेला घेण्यासाठी हे प्रकरण रचलं आहे. त्यातली संस्था आणि माणसं काल्पनिक आहेत. अडचणी मात्र क्षेत्रकार्य केलेल्या कुणालाही ओळखीच्या वाटतील.

काम काय होतं

सहा विद्यार्थ्यांचा गट, १५ आठवड्यांचं सत्र आणि ज्येष्ठांसाठी काम करणारी एक छोटी संस्था. संस्थेची मागणी साधी होती. घरात अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या कुटुंबीयांसाठी, म्हणजे काळजीवाहकांसाठी, अर्ध्या दिवसाचा मेळावा घ्यायचा. त्यांना माहिती मिळावी, एकमेकांशी बोलता यावं, चार घटका मोकळा श्वास घेता यावा. मेळावा अकराव्या आठवड्यात, त्यानंतर अहवाल आणि सादरीकरण.

गटाने पहिल्याच आठवड्यात एक पानी प्रकल्पपत्र लिहिलं, आणि ते खरोखर नीटनेटकं होतं. उद्देश, व्याप्ती, मुदत, कोण काय करणार, खर्चाची मर्यादा, सगळं त्यात होतं. जोखमींची नोंदवहीही केली होती: वक्ता आयत्या वेळी आला नाही तर, प्रोजेक्टर बंद पडला तर, वीज गेली तर. समन्वयकाचा तक्त्यांवर चांगला हात बसलेला होता. त्याने गँट तक्ता, म्हणजे कोणतं काम कोणत्या आठवड्यात हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, केला, रंग भरले, दर सोमवारी तो अद्ययावत करायचा नियम घातला आणि पाळलाही.

तक्त्यात एक आडवी पट्टी होती: ‘काळजीवाहकांशी संपर्क, आठवडा २ ते ४, जबाबदारी: सर्वजण.’ या प्रकरणाचं सगळं दुखणं त्या एका पट्टीत आहे, म्हणून जरा तिथेच थांबू.

एका पट्टीची उकल

गटाचा हिशेब असा होता. संस्थेच्या यादीत ४२ कुटुंबं. प्रत्येकाला एक फोन, एका फोनला १० मिनिटं. म्हणजे एकूण ७ तास, सहा जणांत वाटले तर प्रत्येकी जेमतेम सव्वा तास. तीन आठवडे म्हणजे ऐसपैस वेळ झाला.

हिशेबात चूक नाही. मोजलं ते चुकीचं. १० मिनिटं हे श्रम झाले. पहिल्या फोनपासून पक्क्या होकारापर्यंत जे दिवस जातात तो अवधी. भिंत रंगवताना या दोहोंत फार फरक पडत नाही, कारण भिंत जागेवरच असते आणि तिला विचारावं लागत नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला जिचा दिवस आपल्या हातात नाही अशी व्यक्ती असते, तेव्हा १० मिनिटांच्या कामाला आठवडा लागू शकतो.

पहिली ठेच यादीलाच लागली. संस्थेच्या समाजकार्यकर्तीने फोन क्रमांक थेट द्यायला नकार दिला. ‘ह्या लोकांनी नंबर आम्हाला दिलेत, तुम्हाला नाही,’ असं तिने स्वच्छ सांगितलं. आधी ती स्वतः प्रत्येक घरी विचारणार, ज्यांची संमती मिळेल त्यांचेच क्रमांक गटाला मिळणार. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात यायची यादी चौथ्या आठवड्याच्या शेवटी आली. गटाच्या इतिवृत्तात याची नोंद ‘संस्थेकडून विलंब’ अशी आहे. मला ही नोंद बोलकी वाटते. गोपनीयता आणि संमती हे विषय याच विद्यार्थ्यांनी आदल्या सत्रात शिकले होते, त्यावर उत्तरंही लिहिली होती. पण तो धडा नीतिमूल्यांच्या वहीत राहिला आणि तक्ता दुसऱ्या वहीत. संमती मिळवणं हे आराखड्यातलं एक काम आहे, त्याला दिवस लागतात आणि ते दिवस आधीच धरायचे असतात, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुसरी अडचण ‘सर्वजण’ या शब्दाची. सहाव्या आठवड्यापर्यंत ४२ पैकी १७ कुटुंबांशी बोलणं झालं होतं, ६ जणांनी फोन उचलला नव्हता आणि १९ घरी कुणी फोन केलाच नव्हता. बोलणं झालेल्यांपैकी पाच घरी दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी फोन केले होते, एका घरी तर एकाच दुपारी.

असं चित्र दिसलं की आपण शिक्षक लगेच ‘गटातले काही जण फुकटे असतात’ या निदानावर येतो. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. गट जितका मोठा, तितका माणशी जोर कमी, असं त्यात दिसलं होतं. त्याचा आधार घेऊन आळसाचा शिक्का मारणं सोपं असतं. पण तो जोर दोन वेगळ्या कारणांनी घटू शकतो: माणसं अंग चोरतात म्हणून, किंवा सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही म्हणून. या गटात अंग कुणीच चोरत नव्हतं. कुणी कोणत्या घरी फोन करायचा हेच लिहिलेलं नव्हतं. ‘सर्वजण’ लिहिलेल्या रकान्यात एकेक नाव आणि सात-सात घरं लिहिली असती, तर १९ घरं सुटली नसती. अंग चोरणाऱ्याला समज द्यावी लागते, इथे यादी वाटून देणं पुरलं असतं. निदान चुकलं तर उपायही चुकतो.

वहीतलं पान

कोपऱ्यातल्या त्या मुलीने आपल्या वाट्याचे म्हणून सात फोन केले होते आणि प्रत्येक संभाषणानंतर दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं पाहून बाकीच्यांनीही आठवून आठवून नोंदी सांगितल्या. १७ पैकी ४ होकार. उरलेल्या १३ जणांपैकी ९ जणांचं म्हणणं शब्दांच्या थोड्या फरकाने एकच होतं: ‘यायला आवडेल हो, पण तेवढा वेळ ह्यांच्याजवळ कोण बसेल?’

जो माणूस घर सोडू शकत नाही त्याच्यासाठी घराबाहेरचा कार्यक्रम आखला होता. १६ कामांच्या तक्त्यात आजारी माणसाजवळ बसण्याची सोय हे काम नव्हतं. जोखमींच्या नोंदवहीतही नव्हतं. प्रोजेक्टर होता.

हे सुटलं कसं? मुलं बेफिकीर होती म्हणून नव्हे. काहनेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नियोजनातल्या एका नेहमीच्या चुकीचं वर्णन केलं. माणूस आपल्या कामाचा अंदाज बांधताना त्या कामाच्या पायऱ्या आतून पाहतो आणि तशाच इतर कामांचं काय झालं हे बाहेरून बघत नाही. गटाने मेळाव्याकडे आयोजकाच्या खुर्चीतून पाहिलं. त्या खुर्चीतून सभागृह, माइक आणि आभारप्रदर्शन दिसतं. संस्थेने पूर्वी घेतलेल्या कार्यक्रमांना किती काळजीवाहक आले होते, हा एक प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला असता तर बरंच काही कळलं असतं. तो कुणी विचारला नाही. गटमार्गदर्शक मॅडमनीही नाही, आणि हे त्यांनी बैठकीत कबूल केलं.

मग त्यांनी दोन गोष्टी करायला लावल्या. पहिली, मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ‘प्री-मॉर्टेम’ पद्धत. आराखडा फसलाच आहे असं धरून चालायचं आणि प्रत्येकाने पाच मिनिटं न बोलता त्याची कारणं लिहायची. ‘अकरावा आठवडा संपला, खुर्च्या रिकाम्या राहिल्या. का?’ एवढाच प्रश्न. एरवी उत्साहाच्या भरात शंका काढणारा कुरकुऱ्या ठरतो. या पद्धतीत शंका काढणं हेच काम असतं. गटात सगळ्यात कमी बोलणाऱ्या दोघांच्या कागदांवर सगळ्यात जास्त कारणं निघाली.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन अंदाजांचा हिशेब. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ च्या सुमारास पर्ट नावाची पद्धत बसवली गेली. जे काम पूर्वी कधी केलेलं नाही त्याला नेमके किती दिवस लागतील हे सांगता येत नाही, म्हणून सगळं सुरळीत झालं तर किती, बहुधा किती आणि सगळं फसलं तर किती, असे तीन आकडे घ्यायचे. मधल्या आकड्याला चौपट वजन द्यायचं आणि बेरजेला ६ ने भागायचं. गटाने एका घरचा होकार मिळवण्यासाठी आपल्याच नोंदींवरून आकडे मांडले: १ दिवस, ४ दिवस, १३ दिवस. बेरीज ३०, भागिले ६, म्हणजे ५ दिवस. १० मिनिटांचे ५ दिवस झाले. क्षेपणास्त्रासाठीचं गणित फोनच्या यादीला लावणं थोडं गमतीचं आहे, पण समन्वयकाचा चेहरा पहिल्यांदा उतरला तो इथे.

क्रिटिकल पाथही मग नव्याने काढला. ही पद्धतही १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातली, ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या बांधकामांतून आलेली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधायची. तिच्यातलं एक काम लांबलं की सगळा प्रकल्प लांबतो. गटाने आधी सभागृह, वक्ता, पत्रक ही साखळी धरली होती. खरी साखळी अशी निघाली: संस्थेचं विचारणं, कुटुंबाची संमती, योग्य वेळी लागलेला फोन, थोडा विश्वास, बदली माणसाची सोय आणि शेवटी होकार. सभागृह आणि पत्रकाला तर भरपूर सवड होती. ती कामं पंधरा दिवस उशिरा झाली असती तरी बिघडलं नसतं. जे आपल्या हातात होतं ते गटाने झपाट्याने उरकलं, म्हणून तक्ता हिरवा दिसत होता.

आता काय करायचं

सुचलेला पहिला उपाय धाडसी होता: मेळाव्याच्या दिवशी वर्गातले मित्रमैत्रिणी घरोघरी जाऊन आजाऱ्यांजवळ बसतील. संस्थेच्या समाजकार्यकर्तीने तो तिथल्या तिथे मोडीत काढला. अंथरुणावरच्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची, घास अडकला तर काय करायचं, पडल्यास उचलायचं कसं, यातलं काहीच न शिकलेल्या मुलांवर ती कुणाचे वडील सोपवणार नव्हती. बरोबरच होतं. आजारी माणसांनाही मेळाव्याला आणून शेजारच्या खोलीत बसवायचं हा दुसरा विचार होता. पण स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती अनोळखी जागी, गर्दीत बिथरू शकते, आणि ने-आण हा स्वतंत्र प्रकल्प झाला असता.

शेवटी मेळावाच मोडला. त्याऐवजी संस्थेच्या छोट्या खोलीत चार बैठका, प्रत्येकी सव्वा तासाच्या, चार वेगवेगळ्या वेळांना. ज्या वेळी घरचंच कुणी तरी आजाऱ्याजवळ बसू शकतं ती वेळ आधी विचारायची आणि त्यावरून बैठकीची वेळ ठरवायची. ज्यांना कोणत्याच वेळी निघता येत नाही त्यांच्यासाठी फोनवरच्या गटचर्चा. वक्त्यांना नम्रपणे नाही कळवायचं.

कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. प्रत्यक्षात तो आठवडा गटाला फार जड गेला. छापलेली पत्रकं पडून राहिली. सभागृहाच्या आगाऊ रकमेतला काही भागच परत मिळाला. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मोठ्या मेळाव्याची बातमी आधीच पुढे सांगितली होती. त्यांना भरलेलं सभागृह आणि त्याचं छायाचित्र हवं होतं. हितसंबंधीयांच्या, म्हणजे या कामाशी ज्यांचा संबंध येतो त्यांच्या, यादीत गटाने फक्त समाजकार्यकर्तीचं नाव लिहिलं होतं, तिच्या वरच्या मंडळींचं नाही. त्यामुळे त्यांना समजावण्याचं काम तिच्या एकटीच्या अंगावर आलं. तिने मेळाव्यातले ३० लोक म्हणजे काय, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे ठेवला. ३० जण येणं हे आपलं काम झालं, काळजीवाहकाचा भार हलका होणं हा आपला हेतू. दोन्ही एकाच ओळीत लिहिले की पहिलं मोजलं जातं आणि दुसरं गृहीत धरलं जातं. कार्यकारिणीने परवानगी दिली, खुशीने नाही.

समन्वयक मात्र मॅडमकडे एकटाच गेला आणि त्याने विचारलं, ‘मॅडम, आराखडा बदलला तर आमचे गुण जातील का?’

हा प्रश्न मुलाचा नसून आमचा, म्हणजे शिकवणाऱ्यांचा आहे. मूल्यमापनाच्या निकषांत ‘नियोजनानुसार अंमलबजावणी’ याला २० गुण होते. म्हणजे खुर्च्या रिकाम्या राहतील हे कळूनही मेळावा ठरल्या दिवशी घेणाऱ्या गटाला पूर्ण गुण, आणि फोनवरच्या नोंदी वाचून आराखडा बदलणाऱ्या गटाचे गुण कापायचे. असे निकष आपणच लावायचे आणि मग मुलं लवचीक नाहीत म्हणून तक्रार करायची! मॅडमनी निकष बदलून घेतला: बदलांची नोंदवही ठेवायची, प्रत्येक बदल कोणत्या माहितीवरून केला आणि कुणाला विचारून केला ते लिहायचं, गुण त्याला. सत्राच्या मध्यात निकष बदलणं इतर गटांवर अन्याय नाही का, असा आक्षेप दुसऱ्या एका शिक्षकांनी घेतला. तो चुकीचा नव्हता. शेवटी सर्वच गटांना तो पर्याय दिला गेला.

दोन मंगळवार

दहाव्या आठवड्यात एक गोष्ट उघड झाली. फोन करताना एका काळजीवाहक बाईंनी गटातल्या एकीला विचारलं होतं, ‘बैठकीचं राहू दे बाळा, तूच मंगळवारी तासभर येऊन बसशील का? मी नुसती बाहेर चक्कर मारून येईन.’ ती हो म्हणाली. दोन मंगळवार गेलीही. गटाला, संस्थेला, मॅडमना, कुणालाच सांगितलं नाही.

पाठ्यपुस्तकात व्याप्ती वाढणं म्हणजे ग्राहकाने आणखी एक सोय मागणं. ते नाकारायला सोपं असतं. इथे मागणी करणारी थकलेली होती, मागत होती ते फक्त तासभर, आणि त्या मुलीने दिलं ते नेमकं तेच होतं ज्यासाठी सगळा प्रकल्प उभा राहिला होता. गटातल्या दोघांना तिचं कौतुक वाटलं. समन्वयक चिडला. माझं मत त्या दोघांपेक्षा समन्वयकाच्या बाजूला थोडं झुकतं, पण त्याच्या कारणासाठी नाही. तो म्हणत होता की हे आराखड्यात नाही. खरी अडचण अशी की सत्र पाच आठवड्यांत संपणार होतं आणि त्या बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय त्या तासाभरात काही बरंवाईट झालं असतं तर तिथे कोण कुणाच्या वतीने बसलं होतं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मॅडमनी तिला रागावण्याऐवजी विनंतीची नोंद करायला लावली. कुणी मागितलं, काय मागितलं, दिलं तर कोण किती काळ देणार, नाही दिलं तर काय होईल, निर्णय कुणाचा. नोंद संस्थेकडे गेली. समाजकार्यकर्ती, ती मुलगी आणि त्या बाई एकत्र बसल्या. संस्थेचा प्रशिक्षित स्वयंसेवक पंधरा दिवसांतून एकदा तासभर येईल असं ठरलं, आणि तोही तीन आठवड्यांनी, कारण त्याआधी तपासणी आणि ओळखभेट व्हायची होती. दर मंगळवारच्या जागी हे कमीच होतं. त्या बाईंनी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. मुलीला ते ऐकत बसावं लागलं.

आकडे

चार बैठकांना ५, ४, ६ आणि ३ अशी उपस्थिती लागली. काही जण दोनदा आले, त्यामुळे प्रत्यक्षात माणसं १४. फोनवरच्या चर्चेत आणखी ५. एकूण १९, ठरलेल्या ३० पेक्षा ११ कमी. शेवटच्या बैठकीला आलेले तिघे वेळ संपल्यावरही बोलत बसले आणि खोली रिकामी करून हवी असलेला माणूस दारात उभा राहिला. अहवालात कार्यकारिणीसाठी छायाचित्र आहे. त्यात चहाचे पेले जास्त आणि माणसं कमी दिसतात.

संस्थेला सुपूर्द केलेल्या कागदांत प्रकल्पपत्र, बदलांची नोंदवही, हिशेब आणि अहवाल होता. त्यात शेवटी घाईघाईने जोडलेलं एक पान होतं: ज्या ज्या घरांशी बोलणं झालं, त्यांच्यापुढे फोन करायची योग्य वेळ, घरी आळीपाळीने बसू शकणारं दुसरं कुणी आहे का, आणि पुन्हा संपर्क केलेला चालेल का. हे पानही प्रत्येक घरी विचारूनच केलं होतं. समाजकार्यकर्तीने बाकीचं सगळं कपाटात ठेवलं आणि ते पान टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

वर्गात वापरताना हे प्रकरण ‘पण येणार कोण?’ या प्रश्नापाशी थांबवावं. पुढचं वाचायला देण्याआधी गटांना ४२ कुटुंबांचं काम त्यांच्या पद्धतीने आखू द्यावं आणि ‘जबाबदारी’च्या रकान्यात काय लिहिलं जातं ते पाहावं. मंगळवारचा भाग वेगळ्या तासिकेला ठेवलेला बरा, त्यावर बराच वेळ जातो. त्या मुलीला किती गुण द्यायचे, यावर शिक्षकांचं एकमत झालेलं नाही.